कडुलिंबाला सुताची झूल : पेठेतल्या बायकांनी मिळून कशी विणायची

झाडाच्या बुंध्याला गुंडाळायची झूल विणलेले चौकोन जोडून होते, म्हणून सगळ्यात आधी मापासाठी जाड पुठ्ठ्याचा एक चौकोन कापा. १५ सेंटिमीटर लांब, १५ सेंटिमीटर रुंद. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा चांगला, चपलांच्या खोक्याचा लवकर मऊ पडतो. जितक्या बायका बसणार तितके चौकोन कापायचे आणि प्रत्येकीच्या पिशवीत एकेक टाकायचा. सूत, सुई, जागा, परवानगी, सगळं त्यानंतर.

हे पहिल्यांदा सांगते, कारण पहिल्या वर्षी आम्ही नेमकं हेच केलं नव्हतं. ‘तळहाताएवढा चौकोन करून आणा’ एवढंच सांगितलं होतं. ४८ चौकोन जमले. सगळ्यात लहान १२ सेंटिमीटरचा, सगळ्यात मोठा १९ चा. जिचा तिचा तळहात आणि जिची तिची ओढ. जोडल्यावर कापड मध्येच फुगलं, कडेला आखडलं, आणि झाडाला गुंडाळलं तर पोटाशी लोंबायला लागलं. उतरवलं, उसवलं, पुन्हा केलं. तीन आठवडे त्यात गेले.

पुठ्ठ्याची युक्ती आमच्या शेजारच्या अक्कांची. तीस वर्षं त्या विड्या वळतायत. विडीचं पान कापताना पानावर पत्र्याचा साचा ठेवतात आणि त्याच्या कडेने कात्री फिरवतात, म्हणून हजार विड्यांची हजार पानं एका मापाची निघतात. अक्का आमचे वाकडेतिकडे चौकोन बघून म्हणाल्या, “वहिनी, साचा नाही दिला तर पान सारखं कसं येईल?” मला इतकं वाईट वाटलं, की ही गोष्ट ज्यांना रोज माहीत आहे त्या शेजारी बसलेल्या असताना मी त्यांना विचारलंच नव्हतं. तेव्हापासून आमच्याकडे पहिल्या दिवशी कुणी काही शिकवत नाही. कुणाच्या हाताला काय येतं, एवढंच विचारतो.

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई घरी मागाच्या धोट्यात बसणाऱ्या सुताच्या कांड्या भरायच्या. सूत हाताळायला मी त्यांच्याकडून शिकले, क्रोशा आईकडून. आता पाच वर्षं झाली, आम्ही तीसेक बायका हिवाळ्यात एकत्र बसून विणतो आणि गल्लीतल्या वाचनालयाच्या अंगणातला कडुलिंब आणि समोरचा लोखंडी कठडा सजवतो. जुळे सोलापूरहून, बार्शीहून ‘तुम्ही हे कसं करता’ म्हणून विचारणा होते, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

ही कल्पना आमची नाही, हे आधी सांगायला हवं. अमेरिकेत ह्यूस्टन शहरात मॅग्डा सायेग या बाईंनी २००५ मध्ये आपल्या दुकानाच्या दाराच्या मुठीला विणलेली पट्टी गुंडाळली. लोक थांबून बघायला लागले, आणि तिथून खांब, झाडं, बाकं विणकामाने झाकायची पद्धत जगभर गेली. आपल्या देशात चेन्नईला २०१६ मध्ये बायकांनी मिळून ११,१४८.५ चौरस मीटरचं क्रोशाचं पांघरूण करून जागतिक विक्रम केला. मी तो फोटो बघितला आणि मनात आलं, ज्या गावाची ओळखच सुतावर उभी आहे, जिथल्या चादरीला आणि टॉवेलाला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, तिथे एका झाडाला तरी आपण आपल्या सुताचं काही का घालू नये? इथे १८७७ पासून गिरणी होती. गिरण्या बंद पडल्या, हातमाग कमी झाले, पण सूत ओळखणारे हात अजून घराघरात आहेत. त्यांचं काम चादरीच्या घडीत जातं आणि परगावी विकलं जातं. ते इथल्या रस्त्यावर, त्यांच्याच जाण्यायेण्याच्या वाटेवर दिसावं, एवढीच माझी इच्छा होती.

सूत

लोकरीच्या दुकानात जाऊ नका. दुकानातले रंगीबेरंगी गुंडे बहुतेक ॲक्रिलिकचे असतात, म्हणजे प्लॅस्टिकचेच. ते उन्हापावसात झिजतं आणि त्याचे तंतू झाडाच्या बुंध्याशी मातीत मिसळतात. शिवाय सोलापुरात बसून प्लॅस्टिकची लोकर विकत आणायची, हे मला पटत नाही.

यंत्रमागाच्या कारखान्यात कोनावर, म्हणजे शंकूसारख्या रिळावर, थोडंथोडं सूत उरतं. एका रंगाचं काम संपलं की तो तुकडा पुढच्या मालाला पुरत नाही, म्हणून बाजूला पडतो. असं सूत किलोवर मिळतं, ओळखीचं असलं तर तसंही देतात. घेताना तीन गोष्टी बघा. एक, हातभर तार ओढून तोडा. लगेच तुटली तर ते सूत उन्हात बसून गेलेलं आहे, घेऊ नका. दोन, रंग पक्का आहे का. सूत ओलं करून पांढऱ्या चिंधीवर घासा, चिंधी गुलाबी झाली तर तो लाल कच्चा. पहाटेच्या दवानेसुद्धा तो शेजारच्या पांढऱ्या चौकोनात उतरतो. तीन, गाठी. गाठी असल्या तर हरकत नाही, फक्त गुंडा करतानाच त्या समजल्या पाहिजेत.

आता महत्त्वाचं. टॉवेलाचं सूत क्रोशाला फार बारीक पडतं. सुताचा नंबर जितका मोठा तितकं ते बारीक. दोनतारी वीस नंबरचं सूत असेल तर सहा किंवा सात पदर एकत्र घ्यायचे आणि ४ मिलिमीटरची सुई वापरायची. दोनतारी दहा नंबर असेल तर तीन-चार पदर पुरतात. पदर एकत्र करायला आम्ही सासूबाईंचा कांड्या भरायचा चरखा वापरतो. सहा कोन जमिनीवर ओळीने उभे करायचे, सहाही तारा डाव्या हाताच्या बोटांतून घ्यायच्या, उजव्या हाताने चाक फिरवायचं. बोटांत तारा धरण्यात सगळं कसब आहे. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये तारा एकमेकींवर न चढता शेजारीशेजारी सरकल्या पाहिजेत. एखादी तुटली की बोटाला ते आधी कळतं, डोळ्याला नंतर. सासूबाई ऐंशीच्या पुढच्या आहेत, दिसतं कमी, पण तार तुटली की अजूनही चाक आपसूक थांबवतात. चरखा नसेल तर दोघींनी मिळून हाताने गुंडे करा, वेळ लागेल, पण होतात.

सहा पदरांत एक पदर वेगळ्या रंगाचा घेतला तर फार सुंदर मिसळ दिसते. पाच पांढरे आणि एक निळा, किंवा चार लाल आणि दोन काळे. उरल्यासुरल्या सुताचा रंग पुरत नाही तेव्हा हाच उपाय.

जिल्ह्यातली दुसरी चीज म्हणजे घोंगडीची लोकर. दख्खनी मेंढीची, हाताने कातलेली, काळी आणि करडी, न रंगवलेली. सांगोला-मंगळवेढ्याकडे धनगरांच्या मेंढ्या आहेत, ओळखीने थोडी मिळाली तर अवश्य घ्या. खरखरीत असते, नवशिकीच्या हाताला टोचते, पण उन्हात रंग जात नाही, कारण रंग लावलेलाच नसतो. घोंगडी विणणारे तिच्या ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ देतात, आपल्याला त्याची गरज नाही. आम्ही झुलीच्या वरच्या आणि खालच्या काठाला ही लोकर वापरतो. घोंगडीशिवाय वारी नाही आणि पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात आहे, तेव्हा तो काळा काठ आम्हाला हवाच असतो.

सूत किती लागेल? घट्ट विणीच्या एका चौरस मीटरला साधारण अर्धा किलो धरा. १५ सेंटिमीटरच्या एका चौकोनाला १२ ग्रॅमच्या आसपास. प्रत्येकीला दोन चौकोनांचं ३० ग्रॅम सूत तोलून द्या, उरलेलं परत घ्या.

कधी बसायचं, कुठे बसायचं

जगात यासाठी ११ जून हा दिवस पाळतात. आपल्याकडे त्या सुमाराला वळवाचा पाऊस आणि वावटळ. नकोच. मार्च ते मे या उन्हात सूत महिनाभरात फिकं पडतं. आपला खरा हंगाम कार्तिकापासून माघापर्यंत. दिवाळीचा फराळ आटोपला की विणायला बसायचं आणि संक्रांतीनंतर झाडाला चढवायचं.

संक्रांतीच्या आधी का नाही, तर ते आठ-दहा दिवस सोलापूर ग्रामदैवत सिद्धेश्वरांचं असतं. त्यांची गड्ड्याची यात्रा, सात नंदीध्वज म्हणजे मानाच्या उंच काठ्या, बाराबंदीतले म्हणजे बारा बंदांच्या अंगरख्यातले मानकरी. त्या दिवसांत कुणी सुई हातात घेत नाही आणि घेऊही नये. मिरवणुकीच्या वाटेवर तर काहीही आडवं बांधू नका, नंदीध्वज उंच असतात.

वेळ ठरवताना सगळ्यात कमी सवड असलेल्या बाईला विचारा. विडीच्या बायका सकाळी माल पोचवतात, मग घरचं, मग पुन्हा सूप मांडीवर. त्यांना दुपारी तीन ते साडेचार बरं पडतं, म्हणून आमची बैठक तेव्हाच. शिक्षिका आणि बँकेतल्या बायका म्हणाल्या, संध्याकाळी ठेवा. आम्ही ठेवलं नाही. त्यांना घरी विणून आणता येतं, पण संध्याकाळचा दीड तास गेला तर अक्कांची रोजची मजुरी जाते. ज्यांचा हात सगळ्यात तयार आहे त्याच गैरहजर राहिल्या तर बैठक कसली?

जागा जमिनीवर बसता येईल अशी हवी. खुर्च्या मांडल्या की बायका ओळीने बसतात आणि एकमेकींचे हात दिसत नाहीत. सतरंजीवर गोल बसलं की शेजारणीची सुई दिसते, आणि निम्मं शिकणं तिथेच होतं. उजेड डाव्या खांद्यावरून आला पाहिजे. मध्ये एक परात ठेवा, सगळ्या कात्र्या आणि सुया तिथेच. नाहीतर सतरंजी झटकताना सुई कुणाच्या तरी पायात जाते. चहा शेवटी द्या, विणताना नको.

शिकवणं

आमच्याकडे मराठी, तेलुगू, कानडी आणि दखनी अशा चार भाषा बसतात. पहिल्या वर्षी मी मराठीतून सांगायचे आणि कुणीतरी समजावून द्यायचं. मग लक्षात आलं, की क्रोशात समजावण्यासारखं फारसं नाहीच, मोजण्यासारखं आहे. तीन खांब, दोन साखळ्या, तीन खांब. (साखळी म्हणजे फासातून ओढलेला साधा फास, खांब म्हणजे सुईवर सुताचा वेढा घेऊन घातलेला उभा टाका.) म्हणून आता मोठ्याने मोजतो. कुणी एक-दोन-तीन, कुणी ओकटि-रेंडु-मूडु, कुणी ओंदु-एरडु-मूरु. तिसऱ्यावर सगळ्या एकदम थांबतात. नवी बाई दुसऱ्या दिवशी तिन्ही भाषांत तीनपर्यंत मोजायला लागते. आणि विचारता विचारता कळलं की आपला माग कानडीत मग्ग आहे आणि तेलुगूत मग्गम. आपला दोरा तेलुगूत दारम. पलीकडच्या बायका काय बोलतात ते कळत नाही असं मला वीस वर्षं वाटत होतं, आणि कामाचे शब्द तर एकाच लडीतले निघाले.

चौकोन असा करायचा. पाच साखळ्या घाला आणि पहिल्या साखळीत सुई घालून गोल जोडा. तीन साखळ्या चढा, हा पहिला खांब. त्याच गोलात आणखी दोन खांब, मग दोन साखळ्या. आता तीन खांब आणि दोन साखळ्या असं आणखी तीनदा. चढलेल्या तीन साखळ्यांच्या टोकाला जोडून टाका. चार कोपरे तयार झाले. पुढच्या फेरीत प्रत्येक कोपऱ्याच्या भोकात तीन खांब, दोन साखळ्या, तीन खांब. तिसऱ्या फेरीपासून कोपरे तसेच, आणि दोन कोपऱ्यांच्या मधल्या प्रत्येक भोकात तीन खांब. मध्ये साखळी घालू नका, कापड सैल पडतं. सहा फेऱ्यांत साधारण १५ सेंटिमीटर होतात.

आता पुठ्ठा काढा आणि चौकोन त्यावर ठेवा. थोडा लहान असेल तर कडेने मुक्या खांबांची, म्हणजे वेढा न घेता घातलेल्या बुटक्या खांबांची, एक फेरी घाला, मोठा असेल तर उसवा आणि साडेतीनची सुई घ्या. उसवायला सांगताना हलक्या आवाजात सांगा, आणि तिच्यासमोर स्वतःचाही एक उसवा. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्याच्या मापाने काम केलं आहे तिला ‘चुकलं’ हा शब्द फार लागतो. मी ‘साच्यात बसत नाही’ म्हणते, त्याने दोष मापाकडे जातो.

दोन सुयांचं विणकाम येणाऱ्यांना कठड्याचं काम द्या. ४ सेंटिमीटर जाडीच्या नळीचा घेर साडेबारा सेंटिमीटर भरतो. पट्टी ११ सेंटिमीटर रुंद हवी, म्हणजे १० सेंटिमीटरला २० टाके बसत असतील तर २२ टाके घाला. सगळ्या ओळी सुलट विणा. एक ओळ सुलट, एक उलट असं विणलं तर दिसतं सुरेख, पण कडा आत वळतात आणि शिवताना रडवतात. सुया विकत घ्यायची गरज नाही. बांबूच्या काड्या साडेचार मिलिमीटरच्या आसपास तासून घ्या, पॉलिशपेपरने घासा, खोबरेल लावा. सायकलच्या स्पोकवर आपल्या आयांनी स्वेटर विणले, पण या जाड सुताला स्पोक बारीक पडतात.

नमुना कुठून घ्यायचा

मोबाइलवरून नको. मोबाइलवर सगळ्या जगाची एकच सूर्यफुलं आहेत.

आमच्या गल्लीत एक काका आहेत, निवृत्त. ते चादरीचे नमुने आलेखाच्या कागदावर काढायचे. एक घर म्हणजे एक तार. त्या कागदावरून मागावरच्या जेकार्ड यंत्राची भोकं पाडलेली कार्डं तयार व्हायची आणि कार्डांवरून माग नक्षी उचलायचा. त्यांनी ट्रंकेतून जुना कागद काढून आमच्या सतरंजीवर पसरला. मयूरपंखी नमुना होता, कडा पिवळ्या पडलेल्या, घरं शिसपेन्सिलीने भरलेली. मुक्या खांबाच्या विणीतही एक घर म्हणजे एक टाका, त्यामुळे तोच कागद जवळजवळ तसाच वापरता येतो. दोन सुयांवरच्या सुलट-उलट विणीत मात्र टाका रुंदीला जास्त आणि उंचीला कमी असतो. १० सेंटिमीटरला २० टाके, पण ओळी २८ बसतात. सरळ उतरवलात तर मोर बसका दिसेल. उंचीत दर पाच ओळींमागे दोन ओळी वाढवा.

सोलापुरी चादर उलटून बघितली आहे का? नक्षी दोन्ही बाजूंनी असते, फक्त रंग उलटे. वरून लालावर पांढरं, खालून पांढऱ्यावर लाल. दुसऱ्या वर्षी आम्ही झाडाच्या पूर्वेला लालावर पांढरं आणि पश्चिमेला पांढऱ्यावर लाल विणलं. रस्त्याने येणाऱ्याला एक दिसायचं, जाणाऱ्याला दुसरं. मागावर काम केलेली माणसं झाडाला वळसा घालून बघायची आणि मग कापडाला बोट लावून ‘पदर किती?’ विचारायची.

सोपं हवं असेल तर रंगीत चौकोनांचंच शंकरपाळं मांडा. सहा चौकोनांचा घेर आणि आठांची उंची यात पायऱ्यापायऱ्यांची एक छान आकृती बसते.

तिसऱ्या वर्षी तेलुगू बायकांनी बतुकम्मा करायचं ठरवलं. नवरात्रात त्या फुलांचे थरावर थर रचून बतुकम्मा करतात आणि भोवती फेर धरतात. खाली मोठा थर, वर लहान होत जाणारा. झाडाचा बुंधाही खाली जाड, वर बारीक. आम्हाला जे माप सतावत होतं तेच त्यांच्या हातात सहज बसलं. प्रत्येक थराचा घेर वेगळा मोजला आणि पिवळ्या, केशरी, पांढऱ्या फुलांच्या माळा वरपर्यंत नेल्या. फुलं गोल करायला पलीकडच्या आपांनी शिकवलं. त्या नमाजाच्या क्रोशाच्या टोप्या करतात, गोल सपाट कसा राहतो हे त्यांना विचारावं : पहिल्या फेरीत १२ खांब, दुसरीत २४, तिसरीत ३६, दर फेरीत १२ वाढले की थाळीसारखं सपाट. वाढवणं थांबवलं की टोपीसारखं वळायला लागतं, जास्त वाढवलं की झालर पडते. फुलाच्या पाकळ्यांना आम्ही ती झालर मुद्दाम पाडली.

देवाचं चित्र कठड्यावर किंवा बुंध्यावर नको. माणसं टेकतात, मुलं पाय लावतात, कुत्री येतात. एकीने फार प्रेमाने पिंड विणून आणली होती. ती आम्ही वाचनालयाच्या आत भिंतीवर लावली आणि तिला तसं का ते नीट समजावलं. राजकीय पक्षाचे रंग जोडीने येणार नाहीत हेही बघा, निवडणुका जवळ असतील तर विशेष.

परवानगी

झाड रस्त्यावरचं असेल तर महापालिकेच्या उद्यान विभागाला लेखी अर्ज द्या. शहरातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे आणि सार्वजनिक मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्ध १९९५ चा. अर्जात पाच गोष्टी लिहा : झाड कुठलं, किती दिवस, खिळा-तार-गोंद काही लावणार नाही, कुठल्या तारखेला उतरवणार, जबाबदार कोण. सोबत झाडाचा फोटो आणि विणकामाचा हातभर तुकडा घेऊन जा. एका कार्यालयात आमचा अर्ज दोन महिने पडून होता, कारण ‘झाडाला कपडा’ म्हणजे जाहिरातीचं फलक असं कुणाला तरी वाटलं. तुकडा टेबलावर ठेवला तेव्हा पंधरा मिनिटांत काम झालं. विजेच्या खांबाच्या वाटेला जाऊच नका. पहिल्या वर्षी वाचनालय, शाळा, देवळाचं आवार अशी आतली जागा घ्या, तिथे विश्वस्तांचं पत्र पुरतं.

चढवणं

माप झाडाचं घ्या, अंदाजाचं नको. जमिनीपासून दर ३० सेंटिमीटरवर घेर मोजून वहीत लिहा. विणलेलं ताणतं, म्हणून घेरापेक्षा दहावा हिस्सा कमी करा. १०० सेंटिमीटरच्या घेराला ९० सेंटिमीटर, म्हणजे १५ चे सहा चौकोन. उंचीला आठ. म्हणून ४८.

चौकोन आधी सतरंजीवर मांडून बघा, रात्रभर तसेच राहू द्या, सकाळी पुन्हा बघा. मग मुक्या खांबांनी जोडा आणि एक उभी बाजू मोकळी ठेवा. ती झाडावर शिवायची. त्याआधी बुंधा नीट बघा : मुंगळ्यांची रांग, खारीची ढोली, साल सुटलेली जागा. असं काही असलं तर तेवढा भाग उघडा ठेवा किंवा दुसरं झाड निवडा. वर फांदीच्या बेचक्याखाली सुताचीच नाडी ओवून सैल बांधा, एक बोट आत जायला हवं. मग गोधडीच्या सुईने वरून खाली शिवत या. खालून वर शिवलं तर वरचा भाग घसरतो आणि पोटाशी वळकटी पडते. सैल दोऱ्यांची टोकं कुठेही लोंबती ठेवू नका, चिमण्यांचे पाय अडकतात. प्रत्येक टोक दोन इंच आत ओवून मगच कापा. हे काम कंटाळवाणं आहे आणि शेवटी सगळ्या दमलेल्या असतात, म्हणून त्यासाठी दोघी वेगळ्या ठेवा ज्यांनी शिवलेलं नाही.

चढवताना पुरुषांना शिडी धरायला बोलवा. मागावर काम करणारे आमच्या गल्लीतले दादा शिडी धरायला आले आणि दोन तास शिवत बसले.

रोज कुणीतरी एक चक्कर मारायची. सुटलेला टाका त्याच दिवशी बसवला तर पाच मिनिटांचं काम. अवेळी पाऊस आला तर लगेच उतरवा : सूत पाणी पितं, दुपटीहून जड होतं, झुलीचं पोट खाली येतं आणि आत बुरशी धरते.

उतरवणं

पाच आठवडे पुष्कळ झाले. झाडाची साल झाकून ठेवायची नसते, आणि धूळ बसलेलं, फिकं पडलेलं विणकाम लटकत राहिलं तर केलेल्या बाईला रोज ते बघावं लागतं. आम्ही फाल्गुन लागायच्या आत उतरवतो. मोकळी शिवण कापायची, नाडी सोडायची, बुंधा ओल्या फडक्याने पुसायचा. झूल रिठ्याच्या पाण्यात भिजवायची, पिळायची नाही, चादरीसारखी दोघींनी धरून झटकायची आणि सावलीत वाळत घालायची.

मग चौकोन सोडवायचे. ज्या बाईला आपला परत हवा असेल तिला तो द्या, म्हणून प्रत्येक चौकोनाच्या मागे तिच्या खुणेची एक तार ओवलेली असते. अक्कांची खूण विडी बांधायच्या दोऱ्याची आहे. उरलेल्या चौकोनांची आम्ही दुपटी शिवतो, बारा चौकोनांचं एक, तीन बाय चार, मागून जुन्या मऊ साडीचं अस्तर. घोंगडीच्या लोकरीचा काठ त्याआधी काढून टाका, बाळाला टोचतो. दुपटी गल्लीत ज्यांच्याकडे पाळणा हलला असेल त्यांच्याकडे जातात. यंदा तीन झाली. चौथ्याला दोन चौकोन कमी पडले, ते आपा आणि अक्का मिळून विणतायत, पुठ्ठा मध्ये ठेवून.